चौथ्या मजल्यावरची घंटा

चोपड्यात जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्याला अन्वर मिस्तरीची पत्र्याची टपरी आहे. केळीच्या बागांतल्या जळालेल्या मोटारी तिथे येतात. अन्वर त्या खोलतो, काळी पडलेली तार उपसून काढतो आणि नवी तार भरतो. वय सत्तरीच्या पुढे गेलं तरी बोटांना कंप नाही. रावेरकडचे बागायतदारसुद्धा मोटार ट्रॅक्टरवर टाकून त्याच्याकडे येतात आणि सांगतात की चाचानं भरलेली मोटार पाच वर्षं तोंड उघडत नाही.

तोंड न उघडण्यात खुद्द अन्वरचा हात धरणारं कोणी नव्हतं. एक गोष्ट त्याने बेचाळीस वर्षं पोटात ठेवली होती. त्याची बायको मेहरुन सोडली, तर ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

गोष्ट धवळीच्या खाणीची. धवळी हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. गावामागच्या टेकडीत साहेबाच्या काळापासून सोन्याचांदीची खाण होती. सोनं नावाला, चांदी त्याहून बरी, आणि दोन्ही पांढऱ्या गारगोटीत अशी मुरलेली की उघड्या डोळ्यांना काही दिसू नये. जमिनीत सरळ खाली गेलेली एक विहीर आणि तिच्यातून फुटलेले चार मजले. घराचे मजले आपण खालून वर मोजतो, खाणीत ते वरून खाली मोजतात. चौथा मजला म्हणजे तळ.

अन्वर एकोणिसाव्या वर्षी तिथे लागला. बाप ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा, त्यामुळे हातात विद्या होती. त्याला माणसांच्या पाळण्याचं इंजिन मिळालं. पाळणा म्हणजे बारा माणसं उभी राहतील असा लोखंडी पिंजरा. जाड तारेच्या दोराला टांगलेला. इंजिनघर विहिरीपासून पन्नास पावलं लांब. पाळणा कुठे आहे हे इंजिनवाल्याला दिसत नसे. दोर गुंडाळणाऱ्या ढोलावर रंगाच्या खुणा आणि कानाशी एक घंटा, एवढ्यावर सगळा खेळ. खाली प्रत्येक मजल्यावर घंटेची साखळी होती. दोन टोले म्हणजे पाळणा खाली सोड, तीन टोले म्हणजे माणसं चढली, वर ओढ, आणि एक टोला म्हणजे थांब.

चौथ्या मजल्यावर साखळी ओढायचं काम उखर्डूचं. धवळीच्याच शेतकरी घरातला, अन्वरहून दोन वर्षांनी मोठा, बुटका आणि हसतमुख. त्याने माणसं चढवायची, टोले द्यायचे आणि स्वतः सगळ्यांत शेवटी वेगळ्या खेपेनं वर यायचं, कारण साखळी पाळण्यापासून लांब होती. नऊ वर्षं ही दोघं दिवसभर घंटेवर बोलत राहिली. उखर्डूचा टोला अन्वर झोपेतही ओळखला असता, कारण दुसऱ्या टोल्यानंतर तो साखळी किंचित झटकायचा आणि घंटा कुरकुरायची. पाळी संपली की दोघं खाणीच्या फाटकाबाहेर चहा प्यायचे. उखर्डू म्हणायचा, "अन्वर, मना जीव तुना हातमा शे रे, ब्रेकले तेल दे जाय."

एक्क्याऐंशी सालचा मे महिना. दुपारचे दोन वाजले असतील. चौथ्या मजल्यावर सुरुंग उडाला आणि पलीकडचा कुणाला माहीत नसलेला जुना, पाण्यानं भरलेला बोगदा फुटला. साठ-सत्तर वर्षं साचलेलं पाणी एकदम आत घुसलं. घंटा वाजली, तीन टोले. अन्वरने पाळणा ओढला. अकरा माणसं चिखलानं माखून बाहेर आली. सगळी बाहेरच्या मुलखातली कंत्राटी माणसं. लगेच खालून दोन टोले आले आणि शेवटी ती ओळखीची कुरकुर. खाली आता फक्त उखर्डू होता.

अन्वरने ब्रेक सोडला, तेवढ्यात मॅनेजर धावत इंजिनघरात शिरला.

"दुसऱ्या मजल्यावर थांबव. पंप चढवायचाय."

परदेशातून मागवलेला नवा पंप तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर बसवला होता.

"साहेब, खाली उखर्डू आहे."

"त्याला शिडीनं यायला सांगितलंय. पंप बुडाला तर खाण बुडाली. थांबव म्हणतो ना!"

शिडी चौथ्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला होती आणि पाणी त्याच टोकाकडून येत होतं. हे अन्वरला माहीत होतं, मॅनेजरलाही होतं. अन्वरने दुसऱ्या मजल्याच्या खुणेवर पाळणा थांबवला. तिथे थांबलेल्या मॅनेजरच्या खास माणसांना पंपाचे बोल्ट खोलून तो पाळण्यात सरकवायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं घंटा वाजत होती. दोन टोले. पुन्हा दोन. पुन्हा दोन. अन्वरचा हात लिव्हरवर होता आणि मॅनेजर त्याच्या खांद्याशी उभा होता. खांद्याला झटका देऊन पाळणा खाली सोडायला एक क्षण पुरला असता. तो क्षण वीस मिनिटांत किती वेळा आला आणि गेला, याचा हिशोब अन्वरने पुढे आयुष्यभर केला.

पंप वर येत असताना घंटा शेवटची वाजली. एकच टोला. मग काही नाही. थांब म्हणाला की दुसऱ्या टोल्याआधी हात सुटला, ते अन्वरला कधीच कळलं नाही. पंप उतरला तसा त्याने कुणाला न विचारता पाळणा सोडला. चौथ्या मजल्याची खूण यायला अजून बरंच अंतर होतं आणि दोर एकदम सैल पडला. पाळणा पाण्यावर टेकला होता.

दुसऱ्या दिवशी ती अकरा माणसं ट्रकमध्ये बसवून नरडाण्याच्या स्टेशनावर सोडली. त्यांना सांगितलं, घंटीवाला शिडीनं वर आला, घरी गेला. तिसऱ्या दिवशी अन्वरला ऑफिसात बोलावलं. जबाब आधीच टाइप करून ठेवला होता: दोन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा इशारा आला, पाळण्यातून बारा माणसं वर आली, त्यानंतर खालून घंटा वाजली नाही.

मॅनेजर आवाज न चढवता म्हणाला, "लिव्हर तुझ्या हातात होतं, अन्वर. चौकशी लागली तर पहिलं वॉरंट तुझ्या नावाचं निघेल. बायको सातव्या महिन्यात आहे ना?"

अन्वरने सही केली. घरी येऊन मेहरुनला सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "चूप रहो. अल्ला देखता है." तो चूप राहिला.

खाण बंद पडली. आठवडाभरात आवई उठली की तिजोरीतले चांदीचे दोन गोळे कमी आहेत आणि उखर्डू सुरतेकडे पळाला. आवई कुणी उठवली हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. पोलिसांनी उखर्डूच्या घराची चुलीजवळची जमीन खणली. त्याची बायको तानुबाई आठ महिन्यांची दिपमाला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिली आणि आपल्या घराची माती बाहेर पडताना बघत राहिली. सासऱ्याने तिला सहा महिन्यांत वेगळं काढलं. चोराचा संसार दारात नको, असं तो चारचौघांत म्हणाला.

तानुबाईनं मग केळीच्या बागांत घड वाहिले. डोक्यावर चुंबळ, त्यावर घड, चिखलातून ट्रकपर्यंत. असं पंचवीस-तीस वर्षं. कपाळाला कुंकू आणि गळ्यात पोत तिनं कधी काढली नाही, कारण नवरा मेलेला नव्हता, पळालेला होता. बायका पाण्यावर तिला ऐकवायच्या की सुरतेत दुसरं घर केलं असेल. रागाच्या भरात तीही नवऱ्याला शिव्या घालायची. दिपमालाला स्थळं यायची आणि बापाचं नाव विचारून परत जायची. शेवटी रावेरच्या एका बिजवराला ती दिली.

अन्वर दर ईदेला धवळीला जायचा. शीरखुर्म्याचा डबा ओट्यावर ठेवायचा, तिचा नळ, पंखा, काय बिघडलं असेल ते दुरुस्त करायचा. ती त्याला भाऊ मानायची. कधीतरी चहा देताना विचारायची, "अन्वरभाऊ, तुम्ही तं वळखतस ना तेले. तो चोर व्हता का?"

"नही."

"मंग कसाले गया?"

अन्वर कपातल्या चहाकडे बघायचा आणि सांगायचा की पंख्याचं बेअरिंग गेलंय, पुढच्या खेपेला आणतो.

तीन-चार वर्षांपूर्वी धवळीच्या टेकडीवर ड्रोन फिरायला लागले. सोन्याचांदीचे भाव असे चढले होते की जुन्या गारगोटीलाही किंमत आली होती. एका कंपनीने खाण पुन्हा उघडायचं ठरवलं. टेकडीखाली डब्यासारखी ऑफिसं उभी राहिली, रस्ता डांबरी झाला, गावातली पोरं हेल्मेट घालून फोटो काढू लागली. कंपनीचा इंजिनिअर स्वप्नील नरडाण्याकडचा होता, सरळ, मोठ्यांना मान देणारा. खाणीचे जुने नकाशे अर्धे वाळवीनं खाल्ले होते. जुन्यांपैकी आसपास कोणी जिवंत आहे का याची चौकशी करत तो अन्वरच्या टपरीपर्यंत पोचला.

"चाचा, तुम्हीच एक उरलात. विहीर किती खोल, मजले कुठे, एवढं सांगा. बाकी आम्ही बघू."

अन्वरने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्याला घ्यायला गाडी आली तेव्हा तो बसला. का बसला हे त्याला सांगता आलं नसतं. विहिरीच्या काठावर उभं राहून त्याने खाली पाहिलं. काळं पाणी तीस-चाळीस फुटांवर स्वस्थ पडलेलं होतं. त्याने नकाशावर बोट ठेवून मजले दाखवले. चौथ्यावर बोट ठेवलं आणि पटकन उचललं.

पाणी उपसायला सात महिने लागले. पंप बंद पडला की स्वप्नील अन्वरला बोलवायचा. उखर्डू ज्या पाण्याखाली होता ते पाणी उपसणारा पंप अन्वर आपल्या हातांनी दुरुस्त करून द्यायचा. दर वेळी विचारायचा, "कुठवर उतरलं?" पहिला मजला झाला, दुसरा झाला. घरी मेहरुन म्हणायची, "अब काहे को जाते वहाँ?" तो पान्यांची पिशवी उचलायचा. पाणी वर होतं तोवर सगळं झाकलेलं होतं. धवळीला जाऊन तानुबाईला आधीच सांगावं, असं दर आठवड्याला ठरवायचा. त्या पावसाळ्यात दोनदा तिच्या ओट्यापर्यंत गेला, चहा प्यायला आणि परत आला.

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी स्वप्नील एकटाच टपरीवर आला. चेहरा उतरलेला. त्याने मोबाइल अन्वरसमोर धरला. चौथ्या मजल्यावर, साखळीच्या खालच्या कोनाड्यात हाडं होती. शेजारी पत्र्याची टोपी आणि कमरेच्या पट्ट्याची बक्कल.

"चाचा, तुम्ही सारखं चौथ्या मजल्याचं विचारत होतात. हा कोण?"

"उखर्डू," अन्वर म्हणाला. बेचाळीस वर्षांत हे नाव त्याने अशा आवाजात उच्चारलं नव्हतं. मग त्याने सगळं सांगितलं.

स्वप्नील ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "वर कळवलंय मी. म्हणाले, कुणाकडे बोलू नकोस. नऊ दिवसांवर उद्घाटन आहे, मोठी माणसं येताहेत. पंचनामा सुरू झाला तर वर्षभर काम थांबेल. मी उद्या पुन्हा बोलतो त्यांच्याशी."

अन्वरचा फोन बटणांचा. तो फोटो आपल्याकडे मागून घ्यावा, हे त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो धवळीला गेला. ईद नव्हती, हातात डबा नव्हता. तानुबाई ओट्यावर तूर निवडत होती. शेजारची कुंदाबाई बसलेली होती, तिच्यादेखतच तो बोलला. बसलाही नाही. उभ्यानं, खाली मान घालून, पाणी कुठून आलं, पंप कसा चढवला, घंटा किती वेळ वाजली, सही कुठे केली, सगळं सांगितलं. तानुबाईचा हात सुपात तसाच राहिला.

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, आणि भाऊ-तुम्ही सगळं गळून पडलं होतं, "तुले ठाऊक व्हतं?"

अन्वरची मान आणखी खाली गेली.

"ईद नी ईद उना तू. मना वटावर बशीसन चहा पिना. मना कपाळवरनं कुकू दखत ऱ्हायना. आनि तुले ठाऊक व्हतं?" तिचा आवाज वर चढला. "मी तेले शिव्या दिध्यात रे! मना तोंडघाई. तो पानीमा घंटा वाजाडत व्हता, आनि मी तेले हरामखोर म्हनत व्हतू!"

कुंदाबाईनं तिला धरलं. तानुबाईनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. एकदा, दोनदा, कातडी लाल होईपर्यंत. बांगड्या जोत्याच्या दगडावर आपटल्या. अन्वर पुढे झाला तसं ती ओरडली, "हात लावू नको माले!"

तरी गुरुवारी ती त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. बसमध्ये वेगळ्या बाकावर बसली. साहेबांनी तक्रार शांतपणे ऐकली आणि कंपनीला फोन लावला. तासाभरात कंपनीचा वकील आला. जुन्या खाणीची सगळी दप्तरं कंपनीनं खाणीबरोबरच घेतली होती. वकिलानं पिवळा पडलेला एक कागद टेबलावर सरकवला.

"चाचा, ही सही तुमचीच ना?"

अन्वरने वाकून पाहिलं. अठ्ठावीस वर्षांच्या पोराची गोल, घोटून काढलेली सही.

"माझीच."

"यात तुम्हीच म्हणता, बारा माणसं वर आली. खाली कोणी उरलं नाही. तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"बरं. आज खरं कशावरून?"

"खाली जाऊन बघा. हाडं आहेत. स्वप्नीलसाहेबानं फोटो काढलाय."

वकिलानं सांगितलं की चौथा मजला धोक्याचा निघाला, म्हणून कालच तो काँक्रीट ओतून कायमचा बंद केलाय. असा काही फोटो कंपनीकडे नाही. स्वप्नीलची बदली झालीय, तो दुसऱ्या राज्यातल्या कामावर गेलाय. अन्वरने तिथेच उभ्याउभ्या त्याला फोन लावला. फोन बंद होता. नंतर महिनाभर लावत राहिला. एकदा लागला, पलीकडे श्वास ऐकू आला आणि कट झाला. पोरगा नवा होता, घरी म्हातारे आईबाप होते. अन्वरला त्याचा राग येईना. त्या वयात आपण काय केलं होतं, ते त्याला पाठ होतं.

ठरल्या दिवशी उद्घाटन झालं. निमंत्रण पत्रिकेवर 'जुन्या खाणीचे ज्येष्ठ कामगार' म्हणून अन्वरचं नाव सत्कारासाठी छापलेलं होतं, ते तसंच राहिलं, फक्त मंचावरून कुणी पुकारलं नाही. धवळीचा पंडित नावाचा म्हातारा मंडपात बसून आला आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर मोटार घेऊन आला तेव्हा त्याने सांगितलं, "मंचवर म्हने, या खाणमा साहेबना काळपाईन एक बी मानूस मरेल नही. दप्तरमा तशी नोंद शे म्हने."

अन्वरने पाना खाली ठेवला. ती नोंद म्हणजे त्याचाच जबाब होता.

गावात दोन तट पडले. म्हातारा चळलाय, असं काही म्हणाले. ज्यांनी चाळीस वर्षं तानुबाईला चोराची बायको म्हटलं होतं, त्यांतले काही आता सांगू लागले की आम्हाला तेव्हाच शंका होती. उखर्डूचा पुतण्या समाधान कंपनीत ट्रक चालवत होता. तो काकूच्या घरी आला आणि म्हणाला, जुनं उकरू नको, माझी नोकरी जाईल. तानुबाईनं त्याला पाणी दिलं आणि उठून घरात गेली.

दिपमाला मात्र मागे हटली नाही. त्रेचाळीस वर्षांची बाई, स्वतःची दोन पोरं मोठी झालेली. ती रावेरहून आली, चोपड्यात एका वकील बाईंना भेटली आणि मग टपरीवर येऊन अन्वरसमोर उभी राहिली.

"चाचा, मला तुमच्याशी बोलायची इच्छा नाही. पण कोर्टात तुम्ही बोलायला हवं. बोलाल?"

"बोलेन."

"तुमच्यावर केस होईल, खोट्या जबाबाची. वकील बाई म्हणाल्यात, आधीच सांगून ठेवा."

"होऊ दे."

दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. अन्वर प्रत्येक तारखेला धुतलेला पांढरा शर्ट घालून जायचा. व्हरांड्यातल्या लांब बाकाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला तानुबाई. मध्ये तिसरं कुणी बसलं तर बसलं, नाहीतर जागा तशीच रिकामी. त्या दोन वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दोन ईदी गेल्या. त्याने डबा पाठवला नाही, पाठवायचं धाडसच झालं नाही.

साक्षीत त्याला विचारलं गेलं, "तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत?"

"भ्यालो होतो."

"आणि नंतरची चाळीस वर्षं?"

अन्वर गोंधळला. आपल्याला मॅनेजरची भीती होती, वॉरंटची होती, हे सांगता आलं असतं. पण मॅनेजर मरून वीस वर्षं झाली होती. तो म्हणाला, "नंतर तानुबाईला भ्यालो." कोर्टात कुणीतरी हसलं. तानुबाई हसली नाही, रडली नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात निकाल लागला. काँक्रीट फोडायची मागणी फेटाळली गेली, पुरावा पुरेसा नव्हता. एकाच माणसाची साक्ष, तीही त्याच माणसाच्या जुन्या जबाबाला छेद देणारी. दुसरी मागणी मात्र मान्य झाली. सात वर्षांहून जास्त काळ ज्याची काही खबरबात नाही, त्याला कायद्यानं मृत मानता येतं. तसं उखर्डूला मृत मानण्यात आलं.

वकील बाईंनी व्हरांड्यात कागद वाचून दाखवला. दिपमालानं आईला सोप्या शब्दांत समजावलं. तानुबाईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती तो खालीवर बघत राहिली.

"यामा खाणनं नाव शे का?"

"नाही आई."

"पानीनं? घंटानं?"

"नाही."

"मंग काय लिखेल शे?"

"की ते घरातून गेले आणि परत आले नाहीत."

तानुबाईनं मान वळवून बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. दोन वर्षांत प्रथमच तिची नजर अन्वरवर ठरली. तो उठून उभा राहिला.

"आयकं का, अन्वर?" ती म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "कागदवर तो आजूनबी पळेलच शे."

मग तिनं कागद दिपमालाच्या हातात दिला, पायऱ्यांचा कठडा धरला आणि एकेक पायरी उतरत उन्हात निघून गेली.